तरंगणारी बाटली, बुडणारी बाटली

बाळाच्या दुधाची बाटली घ्यायची, निपल, कडं आणि झाकण काढून बाजूला ठेवायचं, बाटली पाण्याने काठोकाठ भरायची आणि पाण्याच्या बादलीत आडवी सोडून द्यायची. आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, एवढं एकच पथ्य. बाटली पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची असेल तर ती बुडणार नाही; हाताने खाली दाबली तरी पुन्हा वर येईल. पॉलिकार्बोनेटची असेल तर सरळ तळाशी जाऊन बसेल. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९ च्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षा कमी, पॉलिकार्बोनेटची १.२. या चाचणीला ना प्रयोगशाळा लागते, ना यंत्र.

बुडाली म्हणून बाटली वाईट ठरत नाही. काच बुडते, स्टील बुडतं, सिलिकोनही बुडतं. ही वस्तू पॉलिप्रॉपिलीन-पॉलिथिलीनच्या घरातली आहे की दुसऱ्या कोणाच्या, एवढंच बादलीतलं पाणी सांगतं. पण पुण्याच्या तुळशीबागेत किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात बाळाच्या वस्तूंच्या फळीसमोर उभ्या असलेल्या आई-वडिलांना नेमकं हेच कोणी सांगत नाही. खोक्यावर 'बीपीए फ्री', 'फूड ग्रेड', 'अनब्रेकेबल' ठळक अक्षरांत असतं. वस्तू कशाची केलीय ते मात्र तळाशी, नखाएवढ्या त्रिकोणात, डोळे ताणून वाचावं लागतं. आणि खरी माहिती तिथेच असते.

आधी पॉलिकार्बोनेटकडे पाहू, कारण 'बीपीए फ्री'चा सगळा वाद तिथून सुरू झाला. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स या दोघांनी एकमेकांना न कळता हे प्लास्टिक बनवलं. काचेइतकं पारदर्शक, हातोडीला दाद न देणारं, उकळत्या पाण्यात न वितळणारं. बाळाच्या बाटलीसाठी याहून चांगलं काही असू शकेल असं तेव्हा कोणाला वाटलं नसावं. काचेची बाटली फुटते, ही तर घरोघरची तक्रार होती. पुढची काही दशकं जगभरच्या कितीतरी बाळांनी पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांतून दूध प्यायलं.

या प्लास्टिकची साखळी ज्या रेणूच्या कड्यांनी बनते त्याचं नाव बिस्फिनॉल ए, म्हणजेच बीपीए. रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र दियानिन यांनी तो १८९१ मध्ये तयार केला होता, पण त्याचं काय करायचं हे कोणाला सुचलं नव्हतं. १९३६ मध्ये लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी त्याची चाचणी घेतली, आणि तीही औषध म्हणून. त्यांना स्त्रीच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखं काम करणारं, स्वस्तात बनवता येणारं रसायन हवं होतं. बिस्फिनॉल ए तसं काम करतो, पण क्षीणपणे, असं त्यांना आढळलं. दोनच वर्षांत त्यांना त्याहून कितीतरी जोरकस असा रेणू सापडला: डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस. गर्भपात टळावा म्हणून हे औषध पुढे लाखो गर्भवतींना दिलं गेलं. त्यांच्या मुलींमध्ये एक दुर्मीळ कर्करोग दिसू लागल्याचं १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. बिस्फिनॉल एला औषधाचं भाग्य लाभलं नाही. तो प्लास्टिकच्या कारखान्यात गेला, आणि संप्रेरकाशी त्याचं असलेलं नातं जवळपास अर्धशतक विस्मरणात गेलं.

ते नातं पुन्हा उघडकीला आलं तेही अपघातानेच. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डेव्हिड फेल्डमन यांच्या गटाला यीस्टच्या द्रावात इस्ट्रोजेनसारखं काहीतरी सापडत होतं. यीस्टच ते तयार करत असावं, अशी त्यांची समजूत झाली. शोध घेता घेता लक्षात आलं की ते यीस्टचं नव्हतंच. निर्जंतुकीकरणासाठी वाफेत तापवलेल्या पॉलिकार्बोनेटच्या चंबूंतून ते पाण्यात उतरत होतं. हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्यानंतर पाच वर्षांनी क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट उंदरांच्या बीजांडांचा अभ्यास करत होत्या. निरोगी उंदरांच्या बीजांडांत गुणसूत्रांचा घोळ एक-दोन टक्क्यांत दिसतो. एके दिवशी तो ४० टक्क्यांत दिसू लागला. खोलीतली हवा, खाद्य, पाणी, सगळं तपासून झालं. शेवटी कारण सापडलं ते धुण्याच्या मोरीत: पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या नेहमीच्या साबणाऐवजी चुकून तीव्र, क्षारयुक्त डिटर्जंटने धुतल्या गेल्या होत्या. प्लास्टिकचा पृष्ठभाग झिजून खरखरीत झाला होता आणि बीपीए सुटून पाण्यात उतरत होता. हंट यांनी मग मुद्दाम तसेच खराब केलेले पिंजरे वापरून आणि ठरावीक मात्रेत बीपीए देऊन हाच परिणाम पुन्हा घडवला. हे संशोधन प्रसिद्ध व्हायला २००३ उजाडलं.

या दोन्ही घटनांत प्लास्टिकला काय झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. पॉलिकार्बोनेटच्या साखळीतले सांधे कार्बोनेटचे असतात. गरम पाणी हे सांधे हळूहळू तोडतं, आणि पाणी क्षारयुक्त असेल तर तोडण्याचा वेग वाढतो. तुटलेला तुकडा म्हणजे पुन्हा सुटा बीपीए. म्हणून नवी, चकचकीत बाटली आणि वर्षभर उकळून, ब्रशने घासून अंधुक झालेली बाटली या एकाच वस्तूच्या दोन निराळ्या अवस्था आहेत. सिनसिनाटी विद्यापीठाच्या स्कॉट बेल्चर यांनी २००८ मध्ये पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांत उकळतं पाणी ओतून पाहिलं, तेव्हा बीपीए सुटण्याचा वेग पूर्वीच्या १५ ते ५५ पट झाला. बाळाच्या बाटलीच्या नशिबी काय असतं? उकळणं, घासणं, गरम दूध, पुन्हा उकळणं.

बीपीए मोठ्या माणसाच्या शरीरात गेला तर यकृत त्याला साखरेच्या एका रेणूशी जोडून निष्क्रिय करतं आणि काही तासांत तो लघवीवाटे बाहेर पडतो. तरीही अमेरिकेच्या सरकारी आरोग्य पाहणीत २००३-०४ मध्ये सहा वर्षांवरच्या ९३ टक्के लोकांच्या लघवीत तो सापडला. याचा अर्थ एकच: तो बाहेर जात राहतो आणि पुन्हा आत येत राहतो. नवजात बाळाचं यकृत या कामात अजून पुरतं तयार झालेलं नसतं. त्यातच वजनाच्या मानाने त्याचं दूध पिणं मोठ्यांच्या खाण्यापिण्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून काळजीचा पहिला मान बाटलीला मिळाला. डब्यांच्या आतल्या लेपात, छापील पावत्यांच्या गुळगुळीत कागदातही बीपीए असतो; पण त्या गोष्टी तीन महिन्यांच्या बाळाच्या तोंडात जात नाहीत.

कॅनडाने २००८ मध्ये बाळांच्या बाटल्यांतून बीपीए काढण्याची घोषणा केली. युरोपीय संघात २०११ च्या मार्चपासून अशा बाटल्या बनवण्यावर आणि जूनपासून विकण्यावर बंदी आली. अमेरिकेत गंमत झाली. बड्या सहा कंपन्यांनी २००९ मध्ये आपणहून पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या बंद केल्या आणि २०१२ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने परवानगी काढून घेतली ती उद्योगाच्याच मागणीवरून, 'आता हे कोणी वापरतच नाही' या कारणासाठी. धोका मान्य केला म्हणून नव्हे! सुरक्षिततेच्या प्रश्नाला हात न लावता बंदी घालण्याची ही सरकारी कला भारतातल्या वाचकांना अगदीच अनोळखी नसावी.

धोका नेमका किती, यावर तज्ज्ञ आजही भांडतात, आणि ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये रोजची सहन होण्याजोगी मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. २०१५ मध्ये ठरवलेल्या मात्रेपेक्षा ही २०,००० पटींनी कमी. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेला हे पटलं नाही. तिने स्वतःचं गणित मांडून याच्या हजारपट मात्रा पुरेशी सुरक्षित ठरवली. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन अजून निराळं बोलतं. मात्र युरोपीय संघाने २०२४ च्या डिसेंबरात निर्णय घेतला आणि अन्नाला लागणाऱ्या जवळपास सगळ्याच वस्तूंत बीपीएवर बंदी घातली. २०२५ च्या जानेवारीपासून ती लागू झाली, उद्योगांना बदलासाठी मुदत देऊन.

भारतातल्या कायद्याची पाळंमुळं मात्र वेगळ्या मातीत आहेत. इथे बाटलीवर पहिलं नियंत्रण आलं ते रसायनामुळे नव्हे, तर अंगावरचं दूध सुटू नये म्हणून. १९९२ चा बालदुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या आणि बालआहार यांच्याविषयीचा कायदा २००३ मध्ये आणखी कडक झाला. त्यानुसार बाटली विकता येते, पण तिची जाहिरात करता येत नाही. खप वाढवण्यासाठी फुकट नमुने किंवा भेटी वाटता येत नाहीत. भारतीय मानक ब्यूरोची खूण असल्याशिवाय बाटली विकायलाच मनाई आहे. ही तरतूद ग्राहकाच्या सर्वांत उपयोगाची, आणि सर्वांत कमी लोकांना माहीत असलेली. प्लास्टिकच्या बाटलीसाठीचं मानक आहे आयएस १४६२५. २०१५ मध्ये ते सुधारलं आणि बाटलीचं प्लास्टिक बीपीए नसलेलंच हवं, अशी अट त्यात आली.

म्हणजे खोक्यावर पहिल्यांदा शोधायचं ते 'बीपीए फ्री' नव्हे. शोधायची ती मानक ब्यूरोची आयएसआय खूण. तिच्यावर मानकाचा क्रमांक असतो, १४६२५, आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूसाठी आणि चालू आहे की संपला, हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. जत्रेत, रस्त्यावरच्या टोपलीत, नाहीतर ऑनलाइन बाजारात अनोळखी नावाने मिळणाऱ्या बाटल्यांवर ही खूण बहुधा नसते, किंवा नुसतं चित्र असतं आणि क्रमांक नसतो. अशी बाटली घ्यायची नाही, भाव काहीही असो.

खूण असली म्हणजे सगळं मिटलं, असंही म्हणता येत नाही. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने देशाच्या वेगवेगळ्या भागांतून दुधाच्या बाटल्या आणि सिपर मिळून २० नमुने गोळा केले आणि आयआयटी गुवाहाटीत तपासून घेतले. २०१९ मध्ये आलेल्या त्या अहवालानुसार सगळ्याच नमुन्यांत बीपीए होता, 'बीपीए फ्री' लिहिलेल्यांतही. प्रमाण अब्जात काही भाग इतकं अल्प होतं, पण शून्य नव्हतं. लेबलावरचं 'फ्री' म्हणजे शून्य, हा समज त्या अहवालाने खोटा पाडला. सिपरच्या बाबतीत तर आणखी पंचाईत: बाटलीसाठीचं मानक सिपरला लागूच होत नाही, हेही त्या संस्थेने दाखवून दिलं. बाळ बाटली सोडून सिपरवर येतं तेव्हा ते जेमतेम वर्षाचं असतं.

आता तळाच्या त्रिकोणाकडे. बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ आकडे लिहिण्याची पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेच्या प्लास्टिक उद्योगाने सुरू केली, आणि तिचा हेतू भंगारवाल्याला माल वेगळा करता यावा एवढाच होता. तो सुरक्षिततेचा शिक्का नव्हे. तरीही वस्तू ओळखायला त्याचा उपयोग होतो. १ म्हणजे पीईटी, पाण्याची एकदा वापरायची बाटली. २ आणि ४ ही पॉलिथिलीनची दोन रूपं. ३ म्हणजे पीव्हीसी. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आज बाळाच्या बहुतेक बाटल्या याच्याच असतात. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोलचे पेले आणि कडकडीत, ठिसूळ वाट्या.

राहिला ७, आणि गोंधळ सगळा तिथेच आहे. ७ म्हणजे 'इतर'. पॉलिकार्बोनेट ७ मध्ये, मधाच्या रंगाचं पीपीएसयू ७ मध्ये, ट्रायटन ७ मध्ये, मक्यापासून बनवलेलं पीएलएही ७ मध्ये. '७ आकडा दिसला की फेकून द्या' हा समाजमाध्यमांवर फिरणारा सल्ला म्हणून अर्धवट आहे. आकड्याच्या शेजारी पीसी अक्षरं असतील तर ते पॉलिकार्बोनेट. अक्षरं नसतील तर नजर आणि बोटं वापरायची. पॉलिप्रॉपिलीन कितीही स्वच्छ असलं तरी थोडं धुरकट, दुधाळ दिसतं. हातात हलकं लागतं आणि दाबलं तर किंचित दबतं. पॉलिकार्बोनेट काचेसारखं आरपार, कडक, दबत नाही. पीपीएसयू सोनेरी-तपकिरी, कडक आणि महाग. बाजारातला जुना माल, कोणाकडून मिळालेली मोठ्या भावंडाची बाटली, परदेशातून कोणी खूप पूर्वी आणलेली भेट अशी काहीही वस्तू आरपार, कडक आणि बुडणारी निघाली, आणि तिच्यावर काहीही लिहिलेलं नसलं, तर ती बाळासाठी न वापरणं उत्तम. किराणा भरून ठेवायला ती चांगली.

बीपीए गेला तर त्याच्या जागी काय आलं? काही ठिकाणी त्याचा सख्खा भाऊ: बिस्फिनॉल एस. पावत्यांच्या कागदात त्याने बीपीएची जागा घेतली. काही कडक, तपकिरी झाक असलेल्या प्लास्टिकांचा तो मूळ घटक आहे. लेबल खरंच बोलतं, त्यात बीपीए नसतो. पण हा भाऊही तसाच वागतो, आणि त्याचा पुरावा पुन्हा पॅट्रिशिया हंट यांच्याच प्रयोगशाळेतून आला, आणि विश्वास बसू नये इतक्या त्याच पद्धतीने. त्या आता वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात होत्या. पॉलिकार्बोनेटचे पिंजरे जाऊन पॉलिसल्फोनचे आले होते. आणि उंदरांच्या बीजपेशींमध्ये पुन्हा विचित्र आकडे दिसू लागले. शोध घेतला तर काही पिंजरे झिजून पांढुरके पडले होते आणि त्यांतून बिस्फिनॉल एस सुटत होता. २०१८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पहिला अपघात झाल्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती.

या पर्यायी प्लास्टिकांवरची भांडणं कोर्टापर्यंतही गेली. टेक्सास विद्यापीठाचे जॉर्ज बिटनर यांनी २०११ मध्ये बाजारातली बहुसंख्य प्लास्टिकं, 'बीपीए फ्री' धरून, इस्ट्रोजेनसारखा परिणाम करणारं काहीतरी सोडतात, असा शोधनिबंध लिहिला. ट्रायटन बनवणाऱ्या ईस्टमन कंपनीने त्यांच्या चाचणी-कंपन्यांवर दावा लावला आणि २०१३ मध्ये ऑस्टिनच्या ज्यूरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला. बिटनर यांच्या कंपन्यांचा या चाचण्यांवरच व्यवसाय होता आणि ईस्टमनचा प्लास्टिकवर. दोघांचेही निष्कर्ष वाचताना हे ध्यानात ठेवावं.

मग तरंगणारं, निरुपद्रवी मानलं जाणारं पॉलिप्रॉपिलीन? त्यात बिस्फिनॉल नसतो, हे खरं. पण २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 'नेचर फूड'मध्ये दिलेल्या आकड्यांनी जगभर खळबळ उडाली. दूध पावडरीसाठी सांगितल्याप्रमाणे बाटल्या निर्जंतुक करून ७० अंश सेल्सिअसच्या पाण्याने हलवल्या, तेव्हा एका लिटरमध्ये सूक्ष्मप्लास्टिकचे १ कोटी ६२ लाखांपर्यंत कण निघाले. पाणी जितकं गरम, तितके कण जास्त: २५ अंशाला लिटरमागे सुमारे ६ लाख, ९५ अंशाला साडेपाच कोटी. या कणांनी बाळाचं नेमकं काय होतं, हे त्या संशोधनाने तपासलेलं नाही, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. पण त्यांनी उपाय सुचवला, आणि तो कोणत्याही स्वयंपाकघरात जमण्यासारखा आहे. बाटली उकळून घेतल्यावर, आधी उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा विसळायची. पावडर बाटलीत कालवायची नाही. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात, निदान ७० अंश गरम पाण्यात कालवायची, कारण पावडरीत जंतू असू शकतात आणि ते मरायला एवढी उष्णता लागते. दूध कोमट झालं की मगच बाटलीत ओतायचं. बाटलीतलं दूध मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं नाही.

झिजलेली बाटली टाकून देणं हाही उपायच आहे, पण घराघरात त्याला फार विरोध होतो. 'चांगली तर आहे अजून.' आतून ओरखडे, पांढुरके चट्टे, गढूळपणा, तडा, यांपैकी काहीही दिसलं तर ती बाटली चांगली नाही. तारेची घासणी आणि सोड्याचं कडक पाणी प्लास्टिकच्या बाटलीला लावूच नये. क्लीव्हलंडच्या पिंजऱ्यांचं तेच झालं होतं.

बाटलीवर इतकं लक्ष देताना बाळाच्या हातातलं खेळणं मात्र निसटतं, आणि ते तर बाळ तासन्‌तास चघळतं. पीव्हीसी मुळात कडक, नळासारखं. त्याला मऊ करायला थॅलेट नावाची तेलकट रसायनं मिसळतात, आणि मऊ वस्तूत ती वजनाच्या चांगल्याच मोठ्या वाट्याने असतात. ती साखळीला जोडलेली नसतात, नुसती मुरलेली असतात. जुनी मऊ बाहुली माळ्यावरून काढली की हाताला चिकट लागते. तो चिकटपणा म्हणजे आतून पृष्ठावर आलेलं हेच तेल. त्यातली काही रसायनं पुरुष-संप्रेरकांच्या कामात अडथळा आणतात, म्हणून युरोपने २००५ मध्ये डीईएचपी, डीबीपी आणि बीबीपी या तिघांना खेळण्यांत ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. अमेरिकेने २००८ मध्ये. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली आणि त्या मानकमालिकेत थॅलेटची चाचणीही आहे. मऊ, तीव्र वासाचं, खूण नसलेलं रबरी दिसणारं खेळणं चघळायला देऊ नये. सिलिकोनला वास नसतो आणि उकळत्या पाण्यात त्याला काही होत नाही; ओळखायला एवढं पुरतं.

वाट्या-ताटल्यांत आणखी एक फसवणूक आहे. 'बांबूची', 'नैसर्गिक' म्हणून विकली जाणारी मुलांची भांडी पुष्कळदा मेलामाइनच्या प्लास्टिकमध्ये बांबूचा भुसा मिसळून केलेली असतात. त्यांच्यात गरम आणि आंबट पदार्थ वाढला तर फॉर्माल्डिहाइड आणि मेलामाइन सुटतं. युरोपीय संघाने २०२१ मध्ये अशा मालाविरुद्ध मोहीमच उघडली. वाफाळती आमटी किंवा टोमॅटोचं सार त्यात घालायचं नसेल तर ती भांडी मराठी घरात कशाला हवीत, हा प्रश्न वेगळा.

बालरोगतज्ज्ञांना विचारलं तर मात्र ते ही सगळी चर्चा मध्येच थांबवतात, आणि ते बरोबरच आहे. भारतात बाटलीने होणारं सर्वांत मोठं नुकसान आजही रसायनाचं नाही, जंतूंचं आहे. निपलच्या आतल्या खाचेत, कड्याच्या आट्यांत दुधाची साय राहते, आणि तिथून जुलाब. म्हणून पहिले सहा महिने अंगावरचंच दूध आणि वरचं द्यावं लागलं तर वाटी-चमचा, असा सल्ला ते देतात. आपल्याकडे त्यासाठी चोच असलेलं बोंडलं होतंच. चांदीचं बारशाला मिळायचं, रोजचं स्टीलचं. ते उघडं असतं, सगळीकडून घासता येतं आणि पाच मिनिटं उकळलं की काम झालं. त्यात कोणता त्रिकोण आहे, हे बघावं लागत नाही. ज्यांना बाटलीशिवाय पर्याय नाही, आणि नोकरीवर जाणाऱ्या असंख्य आयांना तो नसतोच, त्यांच्यासाठी काचेची बाटली अजूनही मिळते. जड असते, फुटते, पण तिच्यातून दुधात काही उतरण्याची चिंता नसते. घरी काच आणि प्रवासात किंवा पाळणाघरात पॉलिप्रॉपिलीन, अशी वाटणी केली तरी पुष्कळ झालं.

आणि दूध ज्या पाण्यात कालवलं जातं, त्याचं काय? महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ते पाणी २० लिटरच्या निळसर जारमधून येतं. त्यातले काही जार पीईटीचे असतात, पण कडक, वर्षानुवर्षं फेरभरणी होणारे बरेचसे जार पॉलिकार्बोनेटचेच. टेम्पोत उन्हात तापतात, क्षारयुक्त द्रावाने धुतले जातात, आतून ओरखडलेले असतात. बाटलीत जे चालत नाही ते जारमध्ये सर्रास चालतं, कारण बाटलीचं मानक जारला लागू नाही. जार घरी आला की उलटा करून तळ पाहावा: १ असेल तर पीईटी, ७ आणि शेजारी पीसी असेल तर पॉलिकार्बोनेट. तसा असेल, आणि दुसरा पुरवठादार नसेल, तर बाळापुरतं पाणी नळाचं घेऊन ते स्टीलच्या पातेल्यात खळखळ उकळून, झाकून ठेवावं. जारचं पाणी मोठ्यांनी प्यावं, आणि जार निदान सावलीत ठेवावा.